चिनूचं गाणं आणि आपले ॲक्शनवाले

प्रिय विन्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा जुनाच, गोळ्या चालू. ते सोड. काल रात्री चिनू आला होता. जेवणं झाली, ताई झोपली याची खात्री करून घेतली आणि पोराने गिटार काढून एक गाणं म्हणून दाखवलं. स्वतःचं! दुसऱ्या कडव्यानंतर थांबला आणि म्हणाला, "मामा, कुणाला सांगू नकोस." तुला सांगतोय, कारण तू 'कुणी'त येत नाहीस. आणि ऐकताना माझ्या डोक्यात सारखा आपल्या 'द ॲक्शन' बँडचा गायक रेज किंग घुमत होता, हे इथे कुणाला सांगितलं तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावतील.

त्याचा बँड सध्या शुक्रवारी-शनिवारी एका हॉटेलात वाजवतो. सगळी दुसऱ्यांची गाणी. टाळ्या पडतात, पैसे मिळतात. मालकाचं म्हणणं, लोकांना ओळखीचं हवं असतं. पोरगा गातो सुरेखच, आणि मला घोर लागलाय तो त्याचाच. बेताचा गात असता तर एव्हाना कंटाळून स्वतःचं काही करायला लागला असता.

आता ॲक्शनवाले आठव. लंडनच्या केंटिश टाउनची पोरं. 1963 मध्ये 'द बॉइज' म्हणून सुरुवात, 1965 मध्ये नाव बदललं आणि थेट बीटल्सच्या रेकॉर्डी करणाऱ्या जॉर्ज मार्टिनच्या हाताखाली गेली. पार्लोफोन कंपनीवर 1965 ते 1967 पाच सिंगल. एकही खपाच्या चार्टात नाही. एलपी तर निघालीच नाही. लंडनच्या मार्की क्लबात मॉड, म्हणजे झोकदार कपड्यांची, सोल संगीताची शौकीन पोरं जीव टाकायची यांच्यावर, पुढे ड्रमर-गायक म्हणून गाजलेला शाळकरी फिल कॉलिन्ससुद्धा त्यांतलाच, पण रेकॉर्डी काही खपल्या नाहीत. तू दर वेळी मार्टिनवर खापर फोडायचास, की बीटल्सपुढे त्याला यांच्यासाठी वेळ कुठला. मला ते अजून पटलेलं नाही. वेळ नसलेला माणूस पाच-पाच वेळा स्टुडिओत घेऊन बसत नाही. आणि रेकॉर्डी ऐक ना! 'आय्‌ल कीप होल्डिंग ऑन' घे, मूळ अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या मार्व्हलेट्स या गायिकांचं. गिटारची किणकिण सुरू होते, रेज आधी शेजारी बसून समजूत काढल्यासारखा गातो, मग मागचे सूर चढत जातात, त्याचा आवाज किंचित खरखरतो, पण फाटत नाही. रॉजर पॉवेलचे ड्रम त्याला पुढे रेटत राहतात. मूळ गाण्यापेक्षा सरस आहे ते, आजही सांगतो. यावरून अण्णांच्या गच्चीवर भांडून तू चहा न पिता गेलास आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट मागायला आलास. विसरलो नाही मी.

मग दुसऱ्यांची गाणी गाण्यात कमीपणा आहे, असं चिनूला कुठल्या तोंडाने सांगू? पण पुढचं बघ. 1967 च्या सुरुवातीला चौथी सिंगल आली, 'नेव्हर एव्हर'. दोन्ही बाजूंना त्यांची स्वतःची गाणी. नाही चालली. पाचवं, 'शॅडोज अँड रिफ्लेक्शन्स', पुन्हा बाहेरून घेतलेलं. देखणं गाणं, तेही पडलं. पार्लोफोनचं दार बंद. बँडमधला गिटारवाला पीट वॉटसन गेलेला, इयन व्हाइटमन आणि मार्टिन स्टोन आलेले, आणि नेमकं तेव्हा पोरांचं स्वतःचं गाणं खुललं. पुढे 'रोल्ड गोल्ड' नावाने आली ती 1967-68 ची डेमो. कच्चीच आहेत, पण त्यांत रेज जसा मोकळा सुटलाय तसा मोटाउनच्या गाण्यांत कधीच सुटला नव्हता. तेव्हा ती काढायला कुणी तयार झालं नाही. रेज बाहेर पडला, उरलेल्यांचा 'मायटी बेबी' नावाचा बँड झाला. ती गाणी लोकांनी ऐकायला 1990 चं दशक उजाडलं.

चांगलं गाणं आपोआप लोकांपर्यंत पोचतं, असं आपण कॉलेजात छातीठोकपणे सांगायचो ना? या पाच पोरांकडे बघितलं की माझा त्यावरचा विश्वास उडतो. 1998 मध्ये ही मंडळी आयल ऑफ वाइटवर पुन्हा एकत्र आली, 2000 मध्ये फिल कॉलिन्स त्यांच्याबरोबर ड्रम वाजवून गेला, फार बरं वाटलं. पण रेज 2010 मध्ये गेला. मधली तीस वर्षं त्याला कोण भरून देणार होतं? म्हणून चिनूला 'थांब, अजून तयार हो' म्हणायला जीभ रेटत नाही. आणि हॉटेल सोड म्हणावं तर महिन्याचे पैसे? मला वाटतं, तुझं गाणं तिथेच वाजव म्हणावं, ओळखीच्या दोन गाण्यांच्या मधे, कुणाचं ते न सांगता. मालकाला पत्ता लागेपर्यंत गाणं संपलेलं असेल!

ताईला यातलं काही माहीत नाही. ती फक्त विचारते, हा नोकरीला कधी लागणार.

तुझ्या घराचा रंग झाला का? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? लेकीच्या ॲडमिशनचे पेढे राहिलेत, तेही लक्षात आहे.

मुख्य काम असं, की रविवारी सकाळी फोन कर. चिनू माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याला पहिली गिटार तूच दिलीस, आता निस्तर. 'रोल्ड गोल्ड' त्याला मी अजून ऐकवलेलं नाही. ऐकवू का? उमेद येईल, की ही कहाणी कळल्यावर आहे तीही जाईल? तू ठरव, मी तसं करतो.

तुझा,
दिल्या