एकाच संघाची सक्ती नको, यादी आधी लावा

मा. संपादक,

तालुक्यातल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांना येत्या मोसमापासून ‘एक खेळाडू, एक संघ’ हा नियम लावायचं काही मंडळांच्या मनात आहे, ही बातमी आपल्या अंकात वाचली. गेल्या मोसमात जे झालं त्यानंतर कुणीतरी काहीतरी करणार हे दिसतच होतं. आमच्याच बाजूच्या एका मैदानावर उपांत्य फेरीच्या रात्री तीन संघांच्या याद्यांत एकाच डावखुऱ्या बॅट्समनचं नाव निघालं. दोघांनी त्याला गाडीभाडं आधीच दिलेलं. तिसऱ्या संघाचं म्हणणं, पोरगा आमच्या वाडीचा, त्याला भाडं कसलं द्यायचं? पंच याद्या घेऊन या तंबूतून त्या तंबूत फिरत होते, माइकवाला ‘कर्णधारांनी टेबलाजवळ यावं’ हेच घोकत होता, आणि मॅच सुरू झाली तोवर मुंबईची पाहुणेमंडळी झोपायला गेली होती.

तेव्हा लोक चिडले ते बरोबरच आहे. पण सुचवलेल्या नियमाने मरण येईल ते छोट्या वाड्यांचं, म्हणून हे पत्र.

माझ्या ओळखीचा एक बोलर आहे. ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली की तो ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. होडी किनाऱ्याला असेल तेव्हा आपल्या वाडीच्या मंडळाकडून खेळतो, कारण तिथेच तो बॉल टाकायला शिकला. यॉर्कर चांगला पडतो म्हणून तालुक्याचा एक तगडा संघ त्याला खेड, चिपळूणच्या स्पर्धांना घेऊन जातो आणि खिशात चार पैसे घालतो. शिवाय मुंबईला गेला की मामाच्या चाळीचा संघ आहेच. आता याला एकच संघ निवडायला सांगितलं तर तो कुठला सोडेल? जिथे पैसे मिळत नाहीत तो. म्हणजे वाडीचा. बुरोंडी, आंजर्ले, केळशी, कुठेही विचारा, हाच हिशेब निघेल. नियम करणाऱ्यांत मोठ्या मंडळांचे लोक जास्त आहेत हे मी काही वेगळं सांगायला नको.

एकाच माणसाने दोन-तीन संघांकडून खेळणं कसं चालतं, ते मी एका वेगळ्याच खेळात बघितलं. माझी उभी नोकरी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये गेली, फिटर म्हणून. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फेलिक्स्टो हे मोठं कंटेनर बंदर आहे. तिथून इप्सविच जवळ, आणि इप्सविचच्या बाहेर फॉक्सहॉल नावाचं स्टेडियम. तिथे मोसमात गुरुवारी संध्याकाळी मोटरसायकलच्या शर्यती असतात, त्यांना स्पीडवे म्हणतात. १९९८ च्या उन्हाळ्यात आमच्या सेकंड इंजिनिअरबरोबर मी पहिल्यांदा गेलो तो इंजिनं बघायला. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, इंधन मिथेनॉल, एकच गिअर, आणि ब्रेक नाहीत. मागचा पुढचा, एकही नाही. मिथेनॉल पेटलं तर उजेडात ज्वाळा डोळ्यांना दिसत नाही, हे ज्याने इंजिनरूममध्ये आग बघितली आहे त्याला सांगून बघा. आपल्याकडच्या जुन्या लोकांना जावा मोटरसायकल आठवत असेल. त्याच नावाची खास स्पीडवेची इंजिनं असतात. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, मिनिटभरात निकाल. वळणावर मागचं चाक बाहेर फेकायचं, डाव्या बुटाला लोखंडी तळ असतो तो जमिनीला टेकवायचा आणि तसंच घसरत जायचं. मला वाटलं होतं वेडी माणसं असतील. होतीच.

पण हा खेळ एकट्यादुकट्याचा नाही, संघांचा आहे, हे मला तिथे कळलं. ब्रिटनच्या लीगमध्ये एका संघात सात रायडर, प्रत्येकाला क्रमांक, सहावा आणि सातवा राखीव. एका सामन्यात पंधरा शर्यती, त्यांना हीट म्हणतात. प्रत्येक हीटमध्ये दोन रायडर यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. कोण कुठल्या हीटमध्ये उतरणार ते दारात मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. शेजारी रिकामे चौकोन. म्हाताऱ्या बायासुद्धा मांडीवर पत्रिका ठेवून पेनाने गुण भरत होत्या. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी तर मला बोनस गुण समजावला: आपल्याच संघातल्या रायडरच्या मागोमाग आलात आणि पाहुण्यांपैकी एकाला तरी मागे टाकलंत, तर एक गुण जास्त. तो संघाच्या बेरजेत येत नाही, रायडरच्या सरासरीत आणि पैशांत येतो. सोबत्याला पुढे जाऊ देणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून. आपल्याकडे कुणाला हे सुचलं असतं तर नॉन-स्ट्रायकरच्या निम्म्या मारामाऱ्या मिटल्या असत्या. असो.

त्या वर्षी इप्सविचकडे स्वीडनचा टोनी रिकार्डसन आणि पोलंडचा तोमाश गोलोब होते. रिकार्डसन त्याच साली जगज्जेता झाला, एकूण सहा वेळा झाला. गोलोब पुढे २०१० मध्ये झाला. इप्सविचने १९९८ ची लीगही जिंकली. आणि यातला गोलोब पोलंडमध्ये बिडगोश्च शहराच्या क्लबसाठीही खेळत होता! मी सेकंडला विचारलं, हे चालतं कसं? तो म्हणाला, सगळ्यांचंच असं असतं.

चालतं ते वारांवर. ब्रिटनचे मोठ्या लीगचे सामने मुख्यतः सोमवारी आणि गुरुवारी, स्वीडनचे मंगळवारी, डेन्मार्कचे बुधवारी, पोलंडचे शुक्रवारी आणि रविवारी, आणि जागतिक स्पर्धेची ग्रांप्री शनिवारी. म्हणून एकच माणूस तीन देशांत तीन क्लबांकडून खेळू शकतो. काहींच्या तर मोटरसायकली प्रत्येक देशात वेगळ्या ठेवलेल्या, मेकॅनिक वेगळे, रायडर फक्त विमानाने हेल्मेट घेऊन येतो. २०२३ मध्ये एमिल सायफुतदिनोव इप्सविचसाठीही खेळला आणि पोलंडच्या तोरुन्यसाठीही. ब्रिटनच्या आत तर मोठ्या अशा दोन लीग आहेत, प्रीमियरशिप आणि त्याखालची चॅम्पियनशिप, आणि दोन्हींत एकेका क्लबकडून खेळणारे रायडर कितीतरी.

सगळेच सगळीकडे खेळतात असंही नाही. ताय वॉफिंडेन हा तीन वेळचा जगज्जेता, स्वतः ब्रिटिश, पण २०१६ नंतर काही वर्षं तो ब्रिटिश लीगमध्ये उतरलाच नाही. पोलंडमध्ये खेळत राहिला. 

आता आपलं वेळापत्रक बघा. दिवाळी ते मे, दापोली काय, खेड काय, गुहागर काय, सगळ्यांचे सामने शनिवारी-रविवारी, प्रकाशझोतात, त्याच रात्री. शिमगा आणि मे महिना तर विचारूच नका, चाकरमानी आले की प्रत्येक वाडीला आपला चषक त्याच आठवड्यात हवा. मग पोरगा तीन याद्यांत सापडणार नाही तर काय होईल? सगळ्यांनी जानेवारीआधी एकत्र बसून तारखा वाटून घेतल्या तर अर्धी भांडणं जन्मालाच येणार नाहीत. हे काम नियम करण्यापेक्षा अवघड आहे, कारण त्यात कुणालातरी आपला शनिवार सोडावा लागतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी स्पीडवेवाल्यांकडे जी तोड आहे ती आपल्याला उपयोगी पडेल. तिथे प्रत्येक रायडरची सरासरी काढलेली असते: मिळवलेले गुण भागिले शर्यती, गुणिले चार. सहा शर्यतींत बारा गुण, म्हणजे सरासरी आठ. मोसमाच्या सुरुवातीला संघ बांधताना सगळ्यांच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते, त्यामुळे पैसेवाल्या क्लबला सगळे तीसमारखां एकाच तंबूत गोळा करता येत नाहीत. आणि मोठा रायडर जखमी झाला किंवा दुसरीकडे अडकला तर ठरावीक परिस्थितीत दोन वाटा असतात. एक, त्याच्या शर्यती संघातल्याच इतरांनी वाटून घ्यायच्या. दुसरी, दुसऱ्या क्लबचा रायडर त्या एका सामन्यापुरता पाहुणा म्हणून आणायचा. त्याला गेस्टच म्हणतात. अट एवढीच की पाहुण्याची सरासरी गैरहजर माणसापेक्षा जास्त असता कामा नये. आमच्याकडे होडीवर खलाशी आला नाही तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बदली घेतो, पण जाळं ओढणाऱ्याच्या जागी जाळं ओढणाराच घेतो, त्या जागेवर दुसरा तांडेल आणून बसवत नाही. आपल्या मैदानांवर नेमकं हेच होतं: आठव्या क्रमांकाचा पोरगा परीक्षेला गेला म्हणून त्याच्या जागी रत्नागिरीहून ओपनर उतरतो.

या पद्धतीवर तिथले प्रेक्षक खूश आहेत असं समजू नका. गेस्टवर तिथेही बोटं मोडली जातात. आज आपल्यासाठी गुण काढणारा पुढच्या आठवड्यात आपल्याच विरुद्ध उतरतो, मग त्याच्यासाठी ओरडायचं कसं? एखाद्या संध्याकाळी जखमा आणि विमानं मिळून संघाची अशी दशा होते की सातातले दोन-तीन चेहरे परके असतात, आणि कायमचे प्रेक्षक तोंड वाकडं करून चहा पीत बसतात. तक्रार खरी आहे. पण सामना होतो, वेळेवर होतो, आणि कुणाला कुठल्या नियमाने आणलं हे सुरू होण्याआधी सगळ्यांना माहीत असतं. भांडण करायचं तर चहा पिताना करा, ट्रॅकवर नको.

आपल्याला एवढी गणितं नकोत. बहुतेक स्पर्धांचा धावफलक आता मोबाइलच्या ॲपवर चढतो, तेव्हा गेल्या मोसमातल्या प्रत्येकाच्या धावा आणि विकेटी आयत्या मिळतात. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूने एकदाच लिहून द्यावं: माझा पहिला संघ हा. पहिल्या संघाचा सामना असेल त्या दिवशी तो तिथेच खेळेल. नसेल त्या दिवशी दुसऱ्याकडे पाहुणा म्हणून जायला मोकळा, पण गैरहजर खेळाडूच्या तोडीचा किंवा त्याहून कमी असेल तरच, आणि एका संघात असे दोनच. बाद फेरी सुरू झाल्यावर नवा पाहुणा नाही. यादी आदल्या संध्याकाळी मंडपाच्या खांबाला चिकटवायची आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. त्यानंतर नाव बदलायचं तर डॉक्टरची चिठ्ठी किंवा तांडेलाचा फोन, दोनच कारणं. तांडेलाचा फोन मी मुद्दाम घातला आहे. आपल्या किनाऱ्यावर होडी हा सगळ्यांत मोठा क्लब आहे आणि त्याच्यापुढे कुठल्याही मंडळाचं चालत नाही.

‘पहिला संघ’ लिहून घेताना वाडीचंच नाव लिहा अशी जबरदस्ती मात्र नको. पोराला ठरवू दे. माझा अंदाज, गाडीभाड्याची चिंता मिटली आणि दुसरीकडे पाहुणा म्हणून जाता येतं हे कळलं की बरेचजण वाडीचंच नाव लिहितील. चुकला तर चुकला.

अजून एक, जाता जाता. स्पीडवेच्या प्रत्येक सामन्याला ॲम्ब्युलन्स उभी असते. ती नसेल तर शर्यत सुरू होत नाही. आपल्याकडे कातळावरच्या मैदानांत पोरं डाइव्ह मारतात, गुडघे सोलतात, खांदे निखळतात, आणि रिक्षा शोधायला माणूस पाठवावा लागतो. एका संघाचा असो की तिघांचा, मालिकावीराला मोटरसायकल देणाऱ्या आयोजकांनी सामने चालू असेपर्यंत एक गाडी उभी करावी.

नारळी पौर्णिमेनंतर आमची माणसं समुद्रावर जातील आणि मग बैठकीला कोण सापडणार, तेव्हा मंडळांनी त्याआधी बसावं. इप्सविचची एक जुनी कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे आहे, चौकोन भरलेली. यादीचा नमुना म्हणून हवी असेल तर आयोजकांनी घेऊन जावी, पण परत करावी.

आपला,
एक निवृत्त जहाज-फिटर
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये. आयोजकांना घर माहीत आहे.)