मडगार्डातला चिखल

मोडेस्टो, कॅलिफोर्निया
जुलै

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

पेरणी उरकली का? फोनवर 'होऊन रायली' म्हणालास, त्याला दहा दिवस झाले. इथे या दिवसांत पावसाचं नाव नसतं. ऊन थेट आपल्या मे महिन्याचं, पण चहूकडे बदामाच्या बागा आणि कालव्याचं पाणी. गावात १९१२ सालची एक कमान आहे, तिच्यावर लिहिलंय : पाणी, संपत्ती, समाधान, आरोग्य. आपल्या खारपाणपट्ट्यातला, जमिनीखाली खारंच पाणी लागतं त्या मुलखातला माणूस पहिल्या शब्दापाशीच थांबतो.

पत्र कशाला, असं वहिनी म्हणेल. व्हिडिओ कॉलवर आईच्या मागे अर्धं गाव उभं असतं आणि तू नुसतं कपाळ दाखवतोस. त्यात हे बोलता आलं नसतं.

जूनमध्ये इथे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. पन्नास-साठच्या दशकातल्या लांबलचक मोटारी, आणि त्यांच्याइतकेच जुने त्यांचे मालक. एक म्हातारा फडक्याने चाकाची झिलई पुसत होता. पुसायचा, दोन पावलं मागे सरायचा, मान तिरपी करून बघायचा, पुन्हा पुसायचा. मला बाबा दिसले. पोळ्याला ढवळ्याच्या शिंगाला बेगड लावून झाली की ते अस्सेच मागे सरून बघायचे. शेजारणीला म्हटलं, आमच्याकडे हेच असतं, फक्त मोटारीच्या जागी बैल. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

ज्या सिनेमाच्या नावाने ही मिरवणूक चालते तो परवा घरी बसून पाहिला. 'अमेरिकन ग्राफिटी', १९७३चा. जॉर्ज लुकास मूळचा याच गावचा, तोच पुढे 'स्टार वॉर्स'वाला. गोष्ट १९६२ सालची, उन्हाळा संपतानाच्या एका रात्रीची. अंधार पडताना सुरू होते, उजाडल्यावर संपते. शाळा संपलेली पोरं रात्रभर गाड्यांतून त्याच त्या रस्त्यांवर चकरा मारतात आणि सगळ्यांच्या रेडिओवर एकच स्टेशन. बस, एवढंच. (तेही शूटिंग इथलं नाही. दहा वर्षांत मोडेस्टो इतकं बदललं होतं की बरंचसं पेटालुमात करावं लागलं.) पहिला अर्धा तास मी हाच विचार करत होते, यांना पेट्रोलला पैसे कोण देतं? आणि अवघ्या अकरा वर्षांमागच्या रात्रीसाठी एवढं गहिवरायचं तरी काय? पण मधल्या काळात केनेडींना गोळी घातली गेली, पोरं व्हिएतनामला गेली. पडद्यावरच्या पोरांना ते ठाऊक नाही, बघणाऱ्यांना आहे.

तर त्यात कर्ट आणि स्टीव्ह असे दोघं. सकाळच्या विमानाने कॉलेजला जायचं ठरलेलं. स्टीव्ह केव्हाचा तयार. कर्टचं आपलं जाऊ की नको, जाऊ की नको. आणि सकाळी विमानात बसतो कोण? कर्ट! स्टीव्ह राहून जातो, मैत्रिणीपायी.

दादा, माझा चहा हातातच निवला.

तुझी निळी ट्रंक आठवते? टायफॉइडने तुझं एक वर्ष गेलं म्हणून आपण दोघं एका वर्गात आलो, बारावीही बरोबरच झालो. जूनपासून तू त्या ट्रंकेवर बसून जेवायचास. वर पांढऱ्या ऑइलपेंटने तुझं नाव. साल १९९४. माझ्या पक्कं ध्यानात आहे, कारण त्याच एप्रिलात आपल्या छोट्या रेल्वेचं, शकुंतलेचं, वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं आणि तू म्हणालास, "आता थे आपल्याआधी पुण्याले पोचन."

मग पोळ्याची रात्र. जेवणं झाल्यावर तू मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलंस. मारुतीच्या पारापासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून पारापर्यंत. पानठेल्यावरचा रेडिओ जाताना मोठा व्हायचा, परतताना बारीक. आपल्या गावात पोरीला रात्री फिरायची त्याहून मोठी मुभा कोणाला मिळाली असेल? तिसऱ्या चकरेला, नाल्यापाशी, मागे न बघता तू म्हणालास, "मी नाई जात. तू जाय."

"कावून?"

"असंच."

सकाळी उठून पाहते तर ट्रंकेवरचं तुझं नाव खरवडलेलं आणि त्यावर माझं. रंग ओलाच होता. नव्या सलवारला लागला तो डाग पुण्याला चार वर्षं माझ्यासोबत होता.

बनोसा स्टेशनातून गाडी सुटली आणि तू पांदणीने सायकल हाणलीस. शकुंतलेशी शर्यत लावली की सायकल जिंकायची हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पण पाऊस झालेला. काळी माती मडगार्डात भरली, चाक जाम झालं. तू उतरून तुराटीने चिखल खरवडायला लागलास. मी खिडकीतून हात हलवत होते, तू मान वर केली नाहीस. कर्टला विमानातून खाली एक पांढरी मोटार दिसते, रात्रभर जिच्यामागे तो फिरलेला असतो ती. मला तू दिसलास, वाकलेला, तुराटी घेऊन.

तेव्हापासून मी धरून चालले की पैसे एकापुरतेच होते आणि तू मागे सरलास. दर राखीला हे माझ्या डोक्यात असतं. पैसे पाठवायचं काढलं की तू चिडतोस, मग मला आणखी वाईट वाटतं. परवा पहिल्यांदा दुसरीच शंका आली. त्या साली दर्यापूरला टायपिंगच्या क्लासला कोण यायचं? ते मला तुमच्या लग्नानंतर कळलं, तेही वहिनीच्या मावशीकडून! दादा, खरं सांग. तू माझ्यासाठी राहिलास, की मी उगाच एवढी वर्षं ओझं वागवतेय?

सिनेमाच्या शेवटी चौघा पोरांचं पुढे काय झालं ते एकेका ओळीत येतं. एकाला दारू प्यालेल्या ड्रायव्हरने उडवलं, एक व्हिएतनाममध्ये बेपत्ता, कर्ट लेखक होऊन कॅनडात. आणि स्टीव्ह? मोडेस्टोतच, इन्शुरन्स एजंट. मी एकटीच खो-खो हसले. तूही दोन वर्षं पॉलिसीची बॅग घेऊन हिंडलास ना, एक मामाची उतरवलीस आणि एक स्वतःची.

पण चारही पोरंच. रात्रभर त्यांच्यासोबत पोरी आहेत, भांडतात, रडतात, मोटारीत बसून जिवावरच्या शर्यतीलाही जातात, आणि शेवटी त्यांच्या वाट्याला एक ओळ नाही. मला राग आला. मग वाटलं, मला तरी कुठे माहीत आहे? आपल्या वर्गात सात पोरी होत्या. मी पुण्याला आले, बाकीच्या सहा कुठे गेल्या? पाटलाच्या वाड्यामागे राहायची ती, लांब वेणीची, गणितात तुझ्याही पुढे असायची, तिचं तर मला आडनावही आठवेना. तिला अकोटला दिली होती की तेल्हाऱ्याला? वहिनीला विचार, तिला सगळं ठाऊक असतं.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र वहिनीदेखत देऊ नकोस. लिहून पाठव. आणि 'असंच' लिहिलंस तर पत्र परत धाडीन.

आईला साष्टांग. तिच्या गुडघ्याचा पट्टा पुढच्या पार्सलमध्ये टाकते.

तुझी,
बेबी