बाबा, आधी पत्रा बघायचा, मग इंजिन

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आईने विचारलं, "पन्नास वर्षं जुनी गाडी कशाला?" आणि बाबांनी विचारलं, "इंजिन कसं आहे?" दोन्हींची उत्तरं फोनवर धड देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी आहे 1972 ची एमजीबी जीटी, जुन्या ब्रिटिश एमजीची छप्पर असलेली स्पोर्ट्स कार. हल्ली तिकडे रस्त्यावर दिसते ती एमजी वेगळी. नाव तेच, मालक आता चिनी. ही ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली. 1962 ते 1980 हे मॉडेल निघत होतं आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांवर गाड्या बनल्या. मला ही गाडी पटण्याचं निम्मं कारण हा आकडाच आहे. इतक्या बनल्या म्हणून आजही हिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, अगदी दाराच्या रबरापासून. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी 1988 पासून मूळ साच्यांवर अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवते. ट्रायम्फ स्टॅग हिच्याहून देखणी, पण तिचं व्ही8 तापण्यासाठी बदनाम आहे. जॅग्वार ई-टाइपचं नावही काढत नाही. खरा शहाणा माणूस जुनी माझदा एमएक्स-5 घेईल आणि सुखाने झोपेल, हे मला मान्य आहे!

बाबा, इंजिन तुमच्या ओळखीचं आहे. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाचाच थोरला भाऊ. हे 1798 सीसीचं, कार्ब्युरेटर एसयूचे, पण एकाऐवजी दोन. पुशरॉड, ओव्हरहेड व्हॉल्व्ह, टॅपेटची फट थंड इंजिनावर पंधरा थाउ (इंचाचे हजारावे भाग). त्यामुळे इंजिनाची मला फारशी धास्ती नाही. ते खराब निघालंच तर बाहेर काढून रिबोअर करता येतं, आणि किती खर्च येईल ते आधी सांगता येतं. पत्र्याचं तसं नाही. कापल्याशिवाय आतला गंज कळत नाही, आणि कापल्यावर परतीची वाट नसते.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. आणि या बॉडीचा कणा म्हणजे दाराखालच्या दोन सिल, गाडीत बसताना आपण पाय टाकून ओलांडतो त्या पत्र्याच्या लांब पेट्या. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे उभा पडदा आणि खाली कॅसल सेक्शन नावाची पन्हळ, अशी तिची रचना. इथे ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढच्या चाकाने उडवलेला खारट चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, तिथून सिलमध्ये उतरतो आणि आतून बाहेर खात येतो. वरचा रंग फुगून बुडबुडे दिसायला लागतात तोवर आतला पडदा बहुधा संपलेला असतो.

सिल नीट बदलायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग सोडवावा किंवा कापावा लागतो, कारण सिल त्याच्या खालून पुढे जाते. मागेही तसंच. कामाआधी दार जागेवर ठेवून फट मोजायची, बॉडीला खालून आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर बॉडी मधे वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. चांगला वेल्डर एका बाजूचेच दीड-दोन हजार पौंड सहज घेतो. म्हणून विकायला काढलेल्या कित्येक गाड्यांवर दुसराच उद्योग केलेला असतो: जुन्या कुजक्या सिलवर वरून नवा पत्रा टाके मारून चढवायचा, लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची, रंग मारायचा. दिसायला फक्कड. दोन पावसाळी हिवाळ्यांत आत ओल कोंडून तोही जातो.

तेव्हा गाडी लिफ्टवर चढवून मी काय बघणार ते ऐका. विकणारा म्हणाला आहे की शेजारच्या गॅरेजमध्ये लिफ्ट मिळेल, आणि तो तयार आहे हीच मला पहिली चांगली खूण वाटते. फ्रिजला लावतो तसला पातळ लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सिलवर, पुढच्या मडगार्डच्या खालच्या वीतभर भागावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवायचा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी आहे. मग खालून कॅसल सेक्शनची कड आणि पाणी निघायच्या फटी दिसतात का ते बघायचं. सगळं सपाट, गुळगुळीत आणि नुकत्याच मारलेल्या काळ्या कोटिंगखाली गडप असेल, तर मी तिथेच थांबेन. गाडी विकायच्या महिन्यात खालून काळा रंग मारायची हौस मला कधीच समजलेली नाही.

दाराची परीक्षा लिफ्टवर नाही, जॅकवर होते. दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघायची. मग त्या बाजूच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून गाडी उचलायची आणि दार उघडून पुन्हा लावायचं. कुठे घासलं, अडकलं किंवा फट बदलली तर सिलमध्ये जीव नाही. जीटीला छप्पर असल्याने ती उघड्या रोडस्टरइतकी (याच गाडीच्या बिनछपराच्या प्रकाराइतकी) वाकत नाही, त्यामुळे इथे थोडासा फरकसुद्धा मोठा समजायचा. आणि विकणारा "तिथे जॅक नको, एक्सलखाली लावू" म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

गालिचे उचलून जमीन बघायची. मागच्या सीटखाली बॅटऱ्यांचे दोन पेटारे आहेत (या वर्षीच्या गाडीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, नंतर बारा व्होल्टची एक आली). अ‍ॅसिड सांडून त्यांचे तळ जातात. मागचे पाटे पुढच्या टोकाला जिथे बॉडीला अडकतात ती जागा तर बोटाने चाचपूनच बघायची, कारण तिथला गंज म्हणजे मागचं चाक कशाच्या आधारावर आहे हाच प्रश्न. दाराच्या वरच्या कडेला, छोट्या तिकोनी काचेच्या पायथ्याशी पत्र्याला चीर असेल, ती मात्र बहुतेक एमजीबींना असते. घाबरायचं नाही, भाव पाडायला वापरायची.

आता इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बोनेटला हात लावायचा. गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय. किल्ली फिरवली की मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू आली पाहिजे आणि काही सेकंदांत कार्ब्युरेटर भरले की ती थांबली पाहिजे. थांबलीच नाही तर कुठेतरी गळती आहे, फ्लोटची सुई बसत नाही किंवा पंपच गेलाय. इंजिन पुरतं गरम झाल्यावर, चालत्या गाडीत ऑइल प्रेशर चौरस इंचाला 50 पौंडांच्या वर हवं, आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) 10 ते 25 चालेल. आयडलला काटा खाली बघून घाबरणारे फार, पण खरा आकडा चालतानाचा. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. चढावर जोर लावताना सतत निळा आला तर रिंगा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारी सिलिंडरचं घेणार आहे. दीडशे-एकशे साठच्या आसपास हवं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको.

बाबा, एक गोष्ट तुमच्या काळी नव्हती. इथे शिशाचं पेट्रोल 2000 सालापासून बंद आहे. मूळ हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट मऊ ओतीव लोखंडाच्या, त्या शिशाविना झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप मिटत जाते. टॅपेट पुन्हा पुन्हा घट्ट होतात असं विकणारा तक्रारीच्या सुरात बोलला, तर हेच चाललंय. हेडला कठीण सीट बसवल्याचं बिल मागणार आहे. शिवाय 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप खातं. पाइप बदललेले नसतील तर मी पहिल्याच आठवड्यात बदलणार. काम थोडक्याचं आहे, पण पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकलं तर गाडी पेटते.

गिअरबॉक्सला चारच गिअर, पण सोबत ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) आहे आणि त्याशिवाय ही गाडी मी बघायलाही गेले नसते. हायवेवर ताशी 70 मैलांना इंजिन सुमारे 3900 फेऱ्यांवर ओरडतं. ओव्हरड्राइव्ह लावला की 3200 वर येतं. या वर्षीच्या गाडीत तो तिसऱ्या आणि चौथ्यात चालतो. बटण दाबल्यावर सेकंदभरात लागला पाहिजे. अजिबातच लागत नसेल तर बहुधा वायर किंवा गिअरबॉक्सवरचा स्विच, म्हणजे किरकोळ. रेंगाळत, घसरत लागत असेल तर ऑइल, फिल्टर किंवा आतलं काहीतरी, म्हणजे गिअरबॉक्स उतरवा. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं ऑइल एकच, साधं 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल. कुणी "घट्ट" गिअर ऑइल किंवा कसला मिश्रणाचा डबा ओतला असेल तर ओव्हरड्राइव्ह रुसतो. क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं आणि रिलीज बेअरिंग ग्राफाइटचं आहे, त्यामुळे सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय इथे महागात पडते.

स्टेअरिंग जड लागलं तर किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीला) ग्रीस मिळालेलं नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन निपल आहेत, दर 3000 मैलांना ग्रीसगन लावायची, पण खालचं निपल बहुतेकांच्या हातून सुटतं. गाडी पुढे-मागे करताना मागून "ठक" आला तर डिफरन्शियलचे वॉशर किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. या गाडीला तारांची चाकं नाहीत याचा मला आनंदच आहे. फोटोत सुंदर दिसतात, पण हबचे दाते झिजले की सगळंच बदला. टायर 165-14 मापाचे. त्यांच्या बाजूवरचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि साल, वाचून बघणार. नक्षी नवी दिसली तरी दहा वर्षांपलीकडचं रबर मी चालवणार नाही.

कागदपत्रं झटपट बघायची. चासी नंबर जीएचडी5 ने सुरू झाला पाहिजे. जीएचएन5 म्हणजे रोडस्टर, आणि जीटीवर तो नंबर असेल तर ती दोन गाड्यांची मिळून एक केलेली आहे. नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबरही जुळायला हवा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि वार्षिक तपासणी सक्तीची नाही. दुसऱ्या सवलतीचा मला रागच येतो, कारण कित्येक गाड्या वर्षानुवर्षं कुणी खालून बघितलेल्याच नसतात. सौदा ठरायच्या आधी तपासणी करून घ्या असं मी सांगणार. फी फारतर 55 पौंड, मी देईन. आधीच्या तपासण्यांचे शेरे सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतात. तिथे 2015 च्या सुमारास "सिलला गंज" असं लिहिलेलं असेल आणि दुरुस्तीचं बिल नसेल, तर तो गंज अजून तिथेच आहे.

आई, तुझी काळजी सुरक्षिततेची आहे आणि ती रास्त आहे. एअरबॅग नाही, एबीएस नाही. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि चारही चाकांना मिळून एकच सर्किट, म्हणजे एक पाइप फुटला की पेडल खाली जातं. म्हणून रबरी होज, मास्टर सिलिंडर आणि ब्रेक ऑइल घेतल्याबरोबर नवं घालणार आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलणार. रोज ऑफिसला ही गाडी नेणार नाही, रस्त्यावर मीठ असताना तर नाहीच. मागची सीट लहान मुलांपुरती आहे. तुम्ही दोघं आलात की आपण नेहमीच्याच गाडीने फिरू.

आणि पैसे. तो 8,500 मागतोय. माझ्याकडे 11,000 पौंड वेगळे ठेवलेले आहेत, कर्ज काढणार नाही. सिल चांगल्या असतील तर 8,000 पर्यंत जाईन. उरलेले 3,000 पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे, त्यांना गाडीच्या किमतीत ओढायचं नाही. इंजिन थकलेलं पण पत्रा पक्का, असं निघालं तर भाव पाडून घेईन. इंजिन घड्याळासारखं आणि सिलवर लांबी, असं निघालं तर चहा पिऊन परत येईन, रंग कितीही आवडला तरी. पेट्रोल लिटरला दहाएक किलोमीटर. विमा ठरलेल्या किमतीचा घेणार, कमी मैलांचा, त्यामुळे तो स्वस्त पडतो.

शनिवारी बघायला जातेय. बाबा, चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन, कोरडं आणि चमचाभर ऑइल टाकून, दोन्ही आकडे आणि प्लगचे फोटो तिथूनच पाठवते. तुमची दुपारची झोप झाली की बघा आणि मी पैशाचं बोलायच्या आधी फोन करा.

तुमची,
मुग्धा