निर्णय घेता येईल असा सारांश शिकवू द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. त्या पत्रव्यवहाराला बसणारी मुले-मुली इथल्याच कॉलेजांत बी.कॉम. करतात, घरी बोलणे मराठी, तेलुगू नाहीतर कन्नड. व्याकरण बऱ्यापैकी जमते, पण लांबलचक इंग्रजी मेलचा सारांश मागितला की गाडी अडते. कारण परीक्षेतला सारांश वेगळ्याच कामाचा आहे. तिथे उतारा एक तृतीयांश करायचा असतो. विद्यार्थी विशेषणे गाळतो, वाक्ये जोडतो आणि क्रम तोच ठेवतो. व्यवहारात हा क्रमच घात करतो.

समजा, ग्राहकाचे सहा मेल आले आहेत. ५,००० टॉवेल पोचले, कापडाचे वजन ४५० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), तेही बरोबर. मात्र ४०० निळे नग धुतल्यावर रंग सोडतात. बदली माल द्या किंवा ८ टक्के सूट द्या, शुक्रवारपर्यंत कळवा. विद्यार्थी ‘विथ रेफरन्स टू’पासून सुरू करून मेलमागून मेल सांगत जातो. ४०० नगांचे ‘सम पीसेस’ होतात, शुक्रवार शेवटच्या ओळीत येतो किंवा गळूनच जातो. आपल्या अर्जात आधी ‘वरील विषयास अनुसरून’, मग हकिकत आणि शेवटी ‘तरी विनंती’ असते. तीच घडी इंग्रजीत उतरते.

वर्गात आधी विचारावे: हे वाचणार कोण, आणि त्याला काय ठरवायचे आहे? उत्तर विद्यार्थ्याने घरच्या भाषेत एका वाक्यात तोंडी द्यावे. मग मूळ मेल मिटून ठेवून इंग्रजी लिहावे, म्हणजे वाक्ये उचलता येत नाहीत. पहिल्या वाक्यात निर्णय आणि मुदत, पुढे कारण आकड्यांसह, शेवटी कोणी काय करायचे. मर्यादा ८० शब्दांची, वाक्य शक्यतो २० शब्दांच्या आत. त्यानंतरच मेल उघडून प्रत्येक आकडा ताडावा. सूट ४०० नगांवर की पूर्ण बिलावर, हे ग्राहकानेच लिहिले नसेल तर ‘स्पष्ट नाही, विचारावे लागेल’ असे नोंदवावे. अंदाजाने भरू नये. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. शेवटी शेजारच्याने फक्त सारांश वाचून सांगावे: काय ठरवायचे, कधीपर्यंत, किती नगांचा प्रश्न, पर्याय कोणते. एकाही प्रश्नाला अडला तर पुन्हा लिहायचे.

मोबाइलवरच्या एआयने सारांश काढला तरी ही ताडणी टळत नाही.

असे शिकवायला प्रत्येकाचा पहिला आणि सुधारलेला असे दोन्ही मसुदे तपासावे लागतात. शंभरांच्या वर्गात ते अशक्य आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, हे आम्ही जाणतो. पण शिक्षकांच्या जागांना मंजुरी शासनच देते. इंग्रजीच्या एईसी (क्षमता संवर्धन) विषयाला २५ जणांच्या बॅचचे प्रात्यक्षिक मान्य करावे आणि त्या प्रमाणात जागा भराव्यात. विद्यापीठांना आपण एवढेही सुचवावे की, उताऱ्याऐवजी मेलची मालिका द्या. १० पैकी ४ गुण पहिल्या वाक्यातल्या निर्णयाला, ४ आकडे-तारखांना आणि २ भाषेला ठेवा. आज एका स्पेलिंगला गुण कापले जातात आणि हरवलेला शुक्रवार कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रात्यक्षिकाचा निर्णय पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागण्याआधी व्हावा, ही विनंती.

आपले,
व्यावसायिक इंग्रजीचे शिक्षक, सोलापूर