बंब पोहोचण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत एखाद्या कारखान्यात दुर्घटना झाली की बातमीचा साचा ठरलेला असतो. कारण शॉर्टसर्किट, बंब किती वेळात आला, नुकसान किती लाखांचे. बंब येईपर्यंत आत कोणी काय केले, हे कुठेच छापून येत नाही. धातू वितळवून ओतणाऱ्या फौंड्रीत तरी बरावाईट निकाल त्याआधीच लागलेला असतो. आम्ही भट्टी, देखभाल आणि सुरक्षा या कामांतली माणसे आहोत. आमची तक्रार एवढीच आहे की आपत्कालीन आराखडा ऑफिसातल्या फायलीत असतो आणि ज्याच्या हाताशी पहिला स्विच असतो, त्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला तो कोणी सांगितलेलाच नसतो.

भोपाळनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत तेव्हा फौंड्रीचेही नाव आले. त्यामुळे ‘आमच्याकडे कुठे केमिकल आहे?’ हा आपल्या उद्योजकांचा आवडता प्रश्न तेव्हाच निकालात निघाला आहे.

इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवरच्या भट्टीत, तांब्याच्या कॉइलमधून (वेटोळ्यातून) सतत पाणी फिरते. त्या पाण्याच्या आणि सुमारे साडेचौदाशे अंशांच्या वितळलेल्या धातूच्या रसाच्या मध्ये असते ते फक्त काही इंचांचे लायनिंग, म्हणजे उष्णता सोसणारे अस्तर. पाण्याची वाफ झाली की ते साधारण 1600 पट जागा मागते. पाणी रसावर पडले तर उकळून उडून जाते, पण तेच रसाच्या खाली सापडले तर स्फोट होतो. भट्टीवरचा प्रत्येक नियम या एका गोष्टीतून आलेला आहे. नुसते ‘पाणी टाकू नका’ असा फलक लावण्यापेक्षा हे कारण कामगाराला सांगितले तर ते त्याच्या लक्षात राहते.

लायनिंग झिजून रस कॉइलच्या दिशेने सरकला की ग्राउंड लीकेजचा ट्रिप पडतो, म्हणजे वीज जमिनीत गळू लागल्याने पुरवठा आपोआप तुटतो. गोची अशी की नव्या लायनिंगमधल्या ओलीमुळेही तो पडतो. दोन-चार वेळा असे झाले की ऑपरेटर डोळे झाकून रिसेट दाबू लागतो आणि पुढे कोणीतरी तो बायपासच करून टाकतो. खरे तर ट्रिप पडला की वीज बंदच ठेवायची, प्लॅटफॉर्मवरची आणि भट्टीपुढची माणसे हटवायची आणि रस तापवलेल्या लॅडलमध्ये (रस वाहून नेण्याच्या भांड्यात) किंवा भट्टीखालच्या खड्ड्यात ओतून भट्टी रिकामी करायची. कॉइलचे पाणी मात्र चालू ठेवायचे. घाबरून पहिल्यांदा पाण्याचाच व्हॉल्व्ह बंद केला जातो, मग थंडावा गेलेली कॉइल वितळते आणि आत उरलेले पाणी थेट रसाला भेटते. कॉइल फुटून पाणी रसावर पडताना दिसत असेल तर गोष्ट वेगळी. वीज तोडून सगळ्यांनी लांब व्हायचे. पाणी दूरच्या व्हॉल्व्हवरून बंद होत असेल तरच करायचे आणि वाफ पूर्ण थांबेपर्यंत भट्टी वाकवायची नाही की रस ढवळायचा नाही, कारण वाकवताना वरचे पाणी रसाखाली जाते.

भट्टीखालचा खड्डा किमान एका भरलेल्या भट्टीचा सगळा रस मावेल एवढा हवा आणि कोरडा हवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमिनीतून झिरपा येतो. खड्ड्यात वीतभर पाणी, त्यावर रिकामी पोती आणि तेलकट चिंध्या, हे दृश्य नवे नाही. अशा खड्ड्यात रस ओतणे म्हणजे स्वतः बॉम्ब लावणे. खड्डा बघितल्याची सही प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला व्हावी आणि तो ओला असेल तर हीट, म्हणजे रस वितळवण्याची फेरी, लावू नये. शेडबाहेर भिजलेले स्क्रॅप, दोन्ही तोंडे बंद असलेले पाइप आणि जुने शॉकॲबसॉर्बर भट्टीत टाकण्यालाही हेच लागू आहे.

वीज गेल्यावर भट्टी थांबते, पण रस गरमच राहतो आणि लायनिंगमधून कॉइलकडे उष्णता येतच राहते. म्हणून डीजीवरचा (डिझेल जनरेटरवरचा) पंप किंवा उंच टाकीतून आपोआप उतरणारे पाणी लागते. दोन्हींची सोय बहुतेक ठिकाणी कागदावर असते. प्रत्यक्षात डीजीची बॅटरी उतरलेली असते, टाकीचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला असतो किंवा टाकीचे पाणी संडासाच्या नळाला जोडलेले असते. भट्टी रिकामी असताना आठवड्यातून एकदा मेन पाडून बघावे आणि कॉइलच्या प्रत्येक परतीच्या नळीतून पाणी येते का, हे डोळ्यांनी पाहावे. प्रेशर गेजवर विसंबू नये, कारण एखादी नळी तुंबली तरी गेज दाब दाखवतच राहतो. पुरवठा परत आला आणि रसावर थंड होऊन घट्ट झालेली साय धरलेली असेल तर लगेच पूर्ण पॉवर देऊ नये. सायीखालचा रस जास्त तापून लायनिंग खातो. आधी भट्टी वाकवावी, म्हणजे फुगणारा रस सायीची कड वितळवून वाट काढतो.

पॅनेलला आग लागली तर वीज तोडून कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरावे. वीज तोडल्यावरही पॅनेलमधल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार शिल्लक असतो. दारावर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय आणि तो भार उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय आत हात घालू नये. पॅनेलची खोली लहान असेल तर हा वायू श्वासही कोंडतो, म्हणून दार उघडे ठेवून बाहेरूनच मारावा. या नळकांड्याला सहसा दाबाचा काटा नसतो, ते वजन करूनच तपासावे लागते. हायड्रोलिक तेलाच्या आगीला पावडर चालते, पण सहा किलोचे पावडरचे नळकांडे पंधरा-वीस सेकंदांत संपते. पिन काढण्याआधीच कुठे उभे राहायचे ते ठरलेले असावे, आणि बाहेर पडायची वाट कायम पाठीमागे असावी. जमिनीवर सांडलेल्या रसाला पाणीही नाही आणि फोमही नाही. फक्त कोरडी वाळू, तीही झाकलेल्या पिंपात. मोल्डिंगची ओली वाळू यासाठी वापरू नये.

साखर कारखाने आणि डिस्टिलरीत आगीइतकाच जीवघेणा असतो खड्डा. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. त्यामुळे ‘आता वास गेला’ ही धोक्याची खूण समजावी. मीटरवर ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कोणीही उतरू नये. उतरणाऱ्याच्या अंगाला हार्नेस, त्याची दोरी वरच्या तिपाईला आणि वर लक्ष ठेवणारा माणूस, एवढे असेल तर खाली न जाताही त्याला ओढून काढता येते. दूध संघ आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया गळला तर वाऱ्याला आडवे चालत ढगाबाहेर पडावे आणि मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला जमावे. त्यासाठी छतावर वाऱ्याची पिशवी लागते आणि ती गेटवरून दिसायला हवी. ढगावर पाण्याचा फवारा चालतो, साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी टाकू नये, कारण त्याने वाफ आणखी उसळते.

भाजलेल्याला 20 मिनिटे वाहत्या नळाखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. कातडीला चिकटलेला धातू किंवा कापड ओढून काढू नये. हा नळ भट्टीच्या फरशीपासून लांब, स्वतंत्र निचऱ्याचा असावा, नाहीतर उपचाराचे पाणीच भट्टीकडे धावेल. रस ओतणाऱ्याची पँट बुटाच्या वरून असावी आणि बूट एका झटक्यात निघणारे असावेत. लेसच्या बुटात थेंब गेला की गाठ सुटेपर्यंत पाय जातो.

112, 101 किंवा 108 ला फोन करणाऱ्याने नुसते कंपनीचे नाव सांगून भागत नाही. प्लॉट नंबर, जवळची खूण, काय जळते किंवा गळते आहे, किती जण जखमी आहेत, कोणत्या गेटने यायचे, हे पाच मुद्दे फोनशेजारी भिंतीवर लिहिलेले असावेत. एक माणूस सांगली फाट्यासारख्या ठळक चौकात पाठवावा. दुसऱ्याने गेटसमोर उभे केलेले टेंपो हलवावेत; चावी ड्रायव्हरच्या खिशात आणि ड्रायव्हर चहाला, यातच बंबाची मिनिटे जातात.

सरावाबद्दल मात्र आम्हाला कडक बोलायचे आहे. आधी नोटीस लावून सकाळी अकरा वाजता, फोटोग्राफर बोलावून केलेले मॉक ड्रिल म्हणजे फक्त कार्यक्रम. सराव रात्रपाळीत, जेवणानंतर, न सांगता आणि मुख्य इलेक्ट्रिशियन रजेवर आहे असे धरून करावा. पाळी सुटण्याचा आणि धोक्याचा भोंगा एकच असेल तर माणसे घरी निघतील. बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले ठेकेदाराचे कामगार भट्टीच्या सर्वांत जवळ असतात, म्हणून सूचना हिंदी आणि उडियातही हव्यात. त्यांची हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत असते. त्या पानाचा फोटो पाळी सुरू होताच गेटवर गेला नाही तर आत कोण राहिले, हे सांगायला कोणी नसतो. मेन बंद झाल्यापासून शेवटचे नाव मोजेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून लिहावा आणि कोणता व्हॉल्व्ह फिरला नाही, हेही.

पावसाळ्यात याला आणखी एक पेच असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. तेव्हा कोल्हापूर शहरातला बंब आणि सीपीआर हे सरकारी रुग्णालय दोन्ही नदीच्या पलीकडे राहतात. म्हणून शिरोलीच्या कारखान्यांनी जूनमध्येच हातकणंगले-इचलकरंजीच्या बाजूला भाजलेल्या रुग्णाला घेणारे रुग्णालय कोणते, याची फोनवर खात्री करून घ्यावी. रुग्णवाहिका आणि डिझेल नदीच्या अलीकडे ठेवावे. पातळी 39 फुटांना टेकली की रात्रीच्या हीट थांबवायच्या की नाहीत, हा निर्णय कोणी घ्यायचा, त्या व्यक्तीचे नाव गेटवर लावावे.

आपले,
भट्टी, देखभाल व सुरक्षा विभागांत काम करणारे काही वाचक,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर