क्रीटचा व्हिला घेताना

महोदय,

सुट्टीचे बेत शिजू लागले की पर्यटन पुरवण्यांमध्ये भूमध्य समुद्राकाठच्या व्हिलांची छायाचित्रे झळकू लागतात. पांढऱ्या भिंती, निळा तरणतलाव, पलीकडे समुद्र. मोह पडावा असेच ते आहे. दहा दिवसांत सहा देश उरकण्यापेक्षा एकाच घरी दहा दिवस राहणे केव्हाही सुखाचे, आणि बरोबर आजी-आजोबा असतील तर फारच. मात्र घर म्हटले की घरातली व्यवधाने आलीच, आणि ती छायाचित्रात दिसत नाहीत. ग्रीसच्या क्रीट बेटावरील खानिया परिसर डोळ्यांसमोर ठेवून त्याबद्दल थोडे लिहितो.

आधी महिना ठरवावा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. खानियाचे बरेच किनारे उत्तरेला तोंड करून असल्यामुळे तिथे दिवस-दिवस लाटा उसळतात. शिवाय हेच महिने सर्वांत महाग. मे आपल्या शाळांना सोयीचा, पण तेव्हा समुद्राचे पाणी 20 अंशांच्या आसपास असते. मुंबई-कोकणच्या पाण्याची सवय असलेल्याला त्यात हुडहुडीच भरते. तरणतलाव गरम करून मिळतो, पण बहुधा त्याचे पैसे वेगळे पडतात. मुले शाळेत असतील तर जूनचा पहिला पंधरवडा गाठावा, नसतील तर सरळ सप्टेंबर.

‘समुद्रापासून 300 मीटर’ यावर विसंबू नये. ते अंतर सरळ रेषेतले असते आणि मध्ये टेकडीचा उतार असू शकतो. मालकाकडून नकाशावरची नेमकी जागा आणि पायऱ्यांची संख्या मागून घ्यावी. जाहिरातीत ‘आमा’ हा सरकारी नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. नसेल तर पुढे जाऊ नये. 80 चौरस मीटरपेक्षा मोठ्या स्वतंत्र घरावर एप्रिल ते ऑक्टोबर रोज 15 युरो हवामान-शुल्क लागते. दहा रात्रींचे 150 युरो झाले, आणि ते बऱ्याचदा भाड्यात न धरता तिथे पोहोचल्यावर मागतात.

व्हिसाला प्रौढामागे 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आरक्षणाच्या कागदावर सर्वांची नावे हवीत, एकट्या कुटुंबप्रमुखाचे नाही. व्हिसा हाती पडेपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे.

स्वयंपाकघर ही या सुट्टीतली खरी चैन. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची, त्यामुळे मिक्सर चालतो. आपली तीन पिनांची प्लग मात्र तिथे बसत नाही. एक अॅडॉप्टर आणि घरचा एक्स्टेंशन बोर्ड एवढे पुरे. शेगडी इंडक्शनची असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे. तूप, खवा, पनीर नेऊ नये. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. मसाले, डाळी न्याव्यात. भाजीची चिंता नको. तिथल्या आठवडी बाजारातली ‘व्लिता’ म्हणजे आपल्या माठाची सख्खी बहीण, ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणजे घोळ आणि ‘बामिएस’ म्हणजे भेंडी. बार्लीचे कडक टोस्ट पाण्याने किंचित ओले करून त्यावर टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल घातले की दुपारचे जेवण होते. किराणा शनिवारीच भरावा, रविवारी बरीच दुकाने बंद असतात.

न्हाणीघराचे दोन नियम. ग्रीसमध्ये सांडपाण्याचे नळ अरुंद असतात, त्यामुळे टॉयलेट पेपर शेजारच्या डब्यात टाकायचा, नाहीतर नळ तुंबतो आणि प्लंबरचे बिल तुमच्या माथी येते. गरम पाणी बहुतेक छतावरच्या सौर टाकीतले. सहा जणांनी सकाळी ओळीने आंघोळीचा आपला शिरस्ता पाळला तर चौथ्याला गारच पाणी मिळते. निम्म्यांनी संध्याकाळी करावी, किंवा विजेच्या मुख्य पेटीतले बॉयलरचे बटण अर्धा तास आधी लावावे.

बस मोठ्या रस्त्याने जाते. वरच्या गावांतल्या व्हिलासाठी गाडी लागतेच. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी इथल्या आरटीओतून काढावा, तिथे तो मिळत नाही. अनामतीसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्डावर अनेकदा अडवतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी, त्या लवकर सांगाव्यात. सात आसनी गाडीची मागची रांग उघडली की बॅगांना जागाच उरत नाही, म्हणून सहा जणांना दोन लहान गाड्या बऱ्या. बालोस या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर सहसा गाडीचा विमा लागू नसतो. तिथे किसामोस बंदरातून बोटीने जावे.

आणि एक. उन्हाळ्यात दुपारी 3 ते 5.30 आणि रात्री 11 नंतर शांतता पाळण्याचा तिथे कायदाच आहे. अंगणातली अंताक्षरी अकराच्या आत आटपावी.

— पर्यटन व्यवसायातील एक वाचक, ठाणे