रंगाआधी ढाळ पाहा

महोदय,

आपल्या पुरवणीत स्पेनच्या काल्पे गावातील ‘ला मुराया रोहा’, म्हणजे ‘लाल तटबंदी’, या समुद्रकाठच्या इमारतीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. छायाचित्रे देखणी आहेत. पण सोबतचा मजकूर रंगापाशीच थांबतो आणि अशी घरे कोकणातही व्हावीत, अशी इच्छा व्यक्त करतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

स्पॅनिश वास्तुकार रिकार्डो बोफिल यांच्या बार्सिलोनातील कार्यशाळेने 1968 मध्ये या इमारतीचे काम हाती घेतले आणि 1973 मध्ये ती पूर्ण झाली. बोफिल यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती उत्तर आफ्रिकेतील कसबा वस्ती : बाहेरून बंदिस्त भिंती, आत बोळ, चौक, जिने आणि एकमेकींना जोडलेल्या गच्च्या. इमारतीत 50 घरे आहेत. लहान घर 60 चौरस मीटरचे, मधले 80 चे आणि मोठे 120 चे.

हा चक्रव्यूह मनाला येईल तसा रचलेला नाही. समान भुजांचा क्रूस हा नकाशाचा मूळ घटक, प्रत्येक भुजा पाच मीटरची. असे क्रूस एकमेकांना जोडत नेले आणि भुजा मिळतात तिथे स्वयंपाकघर व न्हाणीघराचे मनोरे उभे केले. त्यामुळे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या मनोऱ्यात उभ्या एकवटतात, खोल्यांतून आडव्या फिरवाव्या लागत नाहीत. उरलेल्या पोकळ्यांत चौक तयार होतात. ते अरुंद व उंच असल्याने भिंतींची सावली एकमेकींवर पडते. माझ्या मते इमारतीचे खरे कसब इथे आहे, गुलाबी भिंतीत नाही.

रंगांनाही हिशेब आहे. बाहेरच्या भिंती लाल छटांच्या, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर इमारत उठून दिसावी. चौक आणि जिने आकाशी, निळे, जांभळे, कुठे आकाशात मिसळणारे तर कुठे त्याच्या विरोधात उभे राहणारे. पण हे रंग टिकवणे खर्चाचे काम आहे. लोखंडाच्या ऑक्साइडचा तांबडा उन्हात बराच टिकतो. सेंद्रिय रंगद्रव्यांचे गुलाबी आणि जांभळे लवकर विटतात. शिवाय गडद भिंत अधिक तापते, दिवसरात्रीच्या आकुंचन-प्रसरणाने गिलाव्याला केसासारख्या भेगा जातात आणि त्यांतून खारे पाणी आत शिरते.

आता कोकण. काल्पेच्या प्रांताची राजधानी असलेल्या अलिकांते शहरात वर्षाला सुमारे 300 मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत 3000 हून अधिक, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. तिथला उघडा जिना हौस म्हणून खपतो; इथे तो जूनमध्ये ओहोळ होईल आणि जुलैत शेवाळाने निसरडा. छज्जा नसलेल्या सपाट भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यात काळे ओघळ उतरतील. गच्चीला किमान 1:100 ढाळ हवा, आणि कठड्याच्या सांध्यात वाटा (कोपऱ्यातली गोलाई) नीट घोटून जलरोधक थर भिंतीवर 300 मिलिमीटर तरी चढवायला हवा. गळती बहुधा याच सांध्यातून सुरू होते. ताशी 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाची एक नळी जेमतेम 40 चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेते. वेगवेगळ्या पातळ्यांवर दहा लहान गच्च्या काढल्या की पाणी जाण्याची तेवढी तोंडे वाढतात, आणि पाचोळ्याने तुंबणारे प्रत्येक तोंड खालच्या घराच्या छतावर उमटते.

काँक्रीटबाबत आपल्याकडे मानक आहे, पाळले जात नाही एवढेच. आयएस 456 नुसार किनारी हवेत प्रबलित (सळया घातलेले) काँक्रीट ताकदीच्या किमान एम 30 दर्जाचे आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण 45 मिलिमीटर हवे. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम 35 आणि 50. पाणी-सिमेंट प्रमाण दोन्हीकडे 0.45 च्या वर जाऊ नये. आवरण कमी पडले की क्षार सळईपर्यंत पोहोचतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. जिन्यांचे पातळ कठडे यात आधी जातात. ठेकेदाराने सळईखाली दगडाचे तुकडे सारले असतील तर तिथेच काम थांबवावे. सळई उचलून धरणारे आवरणाचे ठोकळे त्याच दर्जाच्या काँक्रीटचे हवेत.

दर्शनी पृष्ठभागाचे हाल खुद्द बोफिल यांनाही चुकले नाहीत. बार्सिलोनाजवळचे त्यांचे ‘वाल्देन 7’ हे 1975 चे गृहसंकुल बाहेरून लाल फरशांनी मढवले होते. फरशा सुटून पडू लागल्या, खाली जाळ्या बांधाव्या लागल्या, आणि शेवटी फरशा काढून भिंती रंगवण्यात आल्या.

कोकणात या इमारतीतून काही आणायचेच असेल, तर सावलीचे चौक आणि एकवटलेल्या नळ्या आणाव्यात. वर मात्र उतरते कौलारू छप्पर, दीड-दोन फूट बाहेर आलेल्या पागोळ्या आणि जिन्यावर आच्छादन हवे. छायाचित्र तितके छान येणार नाही.

– एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी